मागच्या रांगेतली मुलगी

जुन्या चर्चमध्ये मुलांना न्यायचं तर ऊन असताना न्यावं, असं बाईंचं ठाम मत होतं. ढगाळ दिवशी खिडक्यांच्या रंगीत काचा झोपलेल्या असतात, आणि झोपलेल्या माणसाकडे पाहुण्यांनी टक लावून बघू नये. बाईंना शाळेतून निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. तरीही शाळा दरवर्षी एखादा वर्ग त्यांच्या हवाली करायची, आणि बाई त्या वर्गाला पुढच्या दारातून आत नेऊन मागच्या दारातून बाहेर काढेपर्यंत अख्ख्या गावाचा भूतकाळ फिरवून आणायच्या.

आधी भिंतीवरच्या संगमरवरी पाट्या. बाई स्वतः काही सांगत नसत, मुलांना शोधायला लावत.

"या भिंतीवर सगळ्यात कमी जगलेलं माणूस कोण, शोधा बरं. आणि सगळ्यात लांबलचक कौतुक कोणाचं केलंय?"

मुलं माना वर करून वजाबाक्या करत. बुडालेल्या जहाजाचा कप्तान सापडे, साथीत रोग्यांची सेवा करता करता गेलेला डॉक्टर सापडे, आणि कोपऱ्यातली ती तळहाताएवढी पाटी सापडे, जिच्यावर फक्त एका बाळाचं नाव आणि एकच तारीख होती. मग एखादा व्यापारी सापडे, ज्याच्या सद्गुणांना अर्धी भिंतही अपुरी पडली होती.

"एवढा चांगला होता तो?" कोणीतरी विचारी.

"त्याला मुलं फार होती," बाई म्हणत. "प्रत्येकानं आपापली एक ओळ घातली. भांडण नको म्हणून."

मग खिडक्या. मुलं हात पुढे करून तळव्यावर लाल-निळा उजेड झेलत, आणि बाई त्यांना समजावून सांगत. काच मुळातच रंगीत असते, लाल झगा म्हणजे लालच काच. तुकडे जोडायला मधून शिशाच्या पट्ट्या असतात. पण चेहरा काही काचेत आपोआप उगवत नाही. तो ब्रशानं काढावा लागतो, दळलेल्या काचेच्या आणि लोखंडाच्या तपकिरी पुडीत डिंकाचं पाणी घालून.

"आणि मग तो तुकडा भट्टीत भाजतात. कच्चं मडकं पाण्यात ठेवलं तर काय होतं?"

"चिखल."

"आणि भाजलेलं?"

"टिकतं."

"तसंच. भाजलेला चेहरा काचेचाच होऊन जातो. मग त्याला ऊन-पाऊस, कुणाच्या बापाची भीती नाही."

त्या दिवशी वर्ग शेवटच्या खिडकीपाशी आला. बाजूच्या भिंतीत, अगदी खाली, हात लागेल इतक्या उंचीवर असलेली ही छोटी खिडकी इतरांच्या मानाने नवीनच होती. तिच्यात येशू मुलांना जवळ बोलावत होता आणि मुलं त्याच्याभोवती दाटीवाटीनं उभी होती. सगळी त्याच्याकडे बघत होती. मागच्या रांगेतली एक मुलगी तेवढी मान वळवून बाहेर, बघणाऱ्याकडे बघत होती. म्हणजे, बघत असावी. तिच्या मानेचा कल तसा होता. चेहऱ्याच्या जागी आता नुसती फिकट काच उरली होती, कडेला दोन-चार कुरळे केस आणि अर्धा कान.

"बाई, सगळे भाजलेत ना? मग हिचाच चेहरा कसा गेला?" दोन वेण्यांच्या एका मुलीनं विचारलं.

प्रश्न बरोबर होता. चांगल्या विद्यार्थ्याचा प्रश्न होता. बाईंनी आयुष्यभर असे प्रश्न विचारणाऱ्यांच्या पाठी थोपटल्या होत्या.

"उन्हानं असेल," त्या म्हणाल्या. मग त्यांनी वर्गाला मागच्या दाराकडे वळवलं.

मागच्या रांगेतली ती मुलगी बाईंची होती. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. फोटोवाल्यासमोरही ठरली नाही. तिचा एकुलता एक फोटो होता, त्यात फ्रॉक स्पष्ट होता, बूट स्पष्ट होते आणि चेहरा हललेला होता. पुढच्या वर्षी नीट काढू, असं ठरलं होतं. पुढचं वर्ष आलं नाही. तापानं तिला नेलं.

बाईंचे यजमान काचकाम करायचे. या चर्चच्या खिडक्या त्यांच्याच हाताखालून गेलेल्या. त्या भिंतीतली साधी काच फुटली होती, तिथे फादरांच्या परवानगीनं त्यांनी ही खिडकी बसवली. पाटी लावली नाही. बाईंनी पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा त्या तिच्यासमोरच बसून राहिल्या होत्या. भिंगरी तिथे होती. हललेली नव्हती, ठरलेली होती. त्या काचेखेरीज जगात तिचा चेहरा दुसरीकडे कुठेही नव्हता.

आणि आता तिथेही नव्हता. कधी गेला ते बाईंना सांगता आलं नसतं. कुणी रोज थोडं थोडं म्हातारं होतं ते घरातल्यांना कुठे दिसतं. त्या वेण्यांच्या मुलीच्या प्रश्नानं मात्र त्यांच्या डोळ्यांवरचं कातडं ओढून काढलं.

चर्चच्या खिडक्या तेव्हा एकेक करून उतरवून दुरुस्त होत होत्या. ते काम एका तरुण बाईकडे होतं. फादरांसकट सगळे तिला काचवालीच म्हणत. बाई तडक फादरांकडे गेल्या.

"त्या खालच्या खिडकीचा नंबर आधी लावा."

"बाई, क्रमानं चाललंय सगळं. ती तर शेवटची."

"माझा नंबर तिच्याआधी लागला तर?"

फादर लहानपणी बाईंच्याच वर्गात होते. त्यांनी नंबर बदलला.

काचवालीनं बाजूच्या खोलीत लांब टेबल मांडलं होतं. खिडकी त्याच्यावर आडवी ठेवलेली, खाली पांढरा दिवा. बाई शेजारी स्टुलावर बसल्या.

"ऊन लागून गेलेला चेहरा परत आणता येतो ना तुम्हाला?"

"ऊन लागून चेहरा जात नाही, बाई," काचवाली म्हणाली. ती भिंग लावून वाकली होती. मग तिनं कापसाचा बोळा पाण्यात भिजवून पिळला आणि कुरळ्या केसांतल्या अगदी टोकाच्या एका केसाला हलकेच टेकवला. बोळा उचलला तर त्याला तपकिरी डाग लागला होता. तिनं बोळा चटकन बाजूला ठेवला.

"काय झालं?"

"हा तुकडा भाजलेलाच नाही. बाकीचे सगळे भाजलेत, फार सुंदर भाजलेत. येशूचा, मुलांचा, मेंढरांचासुद्धा. हा एकच कच्चा आहे. नुसत्या डिंकावर होता."

बाई उठून उभ्या राहिल्या.

"ह्यांचं काम कच्चं? अगं, तू कोणाबद्दल बोलतेस माहीत आहे का? पाणी प्यायचा पेलासुद्धा उजेडात धरून बघितल्याशिवाय तोंडाला लावायचे नाहीत ते. आणि स्वतःच्या लेकीचा चेहरा भाजायला विसरतील?"

"विसरले असं मी म्हटलं नाही," काचवाली हळूच म्हणाली. "बाई, ही काच कोणी पुसायचं का?"

"मी पुसते. दर रविवारी. का?"

काचवाली हातातलं भिंग पुसत राहिली.

बाई बाहेर पडल्या त्या सरळ भाऊजींच्या घरी गेल्या. भाऊजी म्हणजे यजमानांचे धाकटे भाऊ. त्यांच्या कारखान्यातली भट्टी भाऊजींकडे असायची. आता ते दारातल्या खुर्चीवर बसून रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांना सल्ले द्यायचे. त्या वेळी मांडीवर ताट घेऊन बटाटे सोलत होते.

"या वहिनी. चेहऱ्यावर तर शाळा भरलेली दिसतेय. कोणाला उभं करायचंय?"

"तुम्हीच उठा आणि माझ्याबरोबर चला. ती पोरगी म्हणते, भिंगरीचा चेहरा भाजलेला नाही. तिला चार शब्द ऐकवा. भट्टी तुम्ही लावायचात, तुमच्या देखत..."

भाऊजींच्या हातातली सुरी थांबली. सालाची लांब पट्टी बटाट्याला लोंबत राहिली.

"भाऊजी?"

"बसा, वहिनी."

"बसायला नाही आले मी."

"मग उभ्यानं ऐका. पोरगी खरं बोलतेय."

रस्त्यावरून कोणीतरी हाक मारून गेलं. भाऊजींनी मान वर केली नाही.

"सगळे तुकडे ट्रेवर मांडले होते. मी भट्टीचं दार उघडलं. दादानं एकेक तुकडा बघितला, आणि तिचा उचलून घेतला. मला वाटलं, काही चुकलंय, नीट करेल. तर त्यानं तो रुमालात गुंडाळला. मी म्हटलं, दादा, आत घालायचाय ना? तर म्हणाला, तापानं भाजून गेली रे ती. आता परत आगीत घालणं नाही व्हायचं माझ्याच्यानं."

बाई खाली बसल्या. पायरीवरच.

"मी म्हटलं, अरे, राहणार नाही तो, बोट लागलं तर जाईल. तर म्हणाला, मी आहे ना. कोणाला बोट लावू देणार नाही."

आणि दिलं नव्हतंच. बाईंना आठवलं. ते असेपर्यंत त्या खिडकीला दुसऱ्या कोणाचा हात लागायचा नाही. खारीच्या केसांच्या मऊ ब्रशानं ते स्वतः धूळ झटकायचे, आणि तिच्या चेहऱ्याजवळ आले की तोही फिरवायचे नाहीत. "तू लांबून बघ," बाईंना म्हणायचे. बाईंना वाटायचं, कारागिराचा तऱ्हेवाईकपणा. बाप लेकीला कोणाला देत नाही, तशातला प्रकार. मग ते गेले, तेही अचानक, कारखान्याला कुलूप लावता लावता. पुढच्याच रविवारी बाईंनी जुन्या मलमलीचा एक तुकडा घेतला. काचेवर तोंडाची वाफ सोडायची, मग हलक्या हातानं गोल गोल पुसायचं. आधी कपाळ, मग गाल, मग हनुवटी. दर रविवारी. कधी चुकवलं नाही. पाऊस असला तरी नाही, ताप असला तरी नाही.

"मलमल तपकिरी व्हायची," बाई म्हणाल्या. "मला वाटायचं, धूळ."

भाऊजींनी सुरी ताटात ठेवली.

"तुम्ही बघत होतात. मागच्या बाकावर बसलेले असायचात. तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती? एक शब्द बोलायचा होता, भाऊजी. एकच. थांबा, एवढाच."

"कितीदा तोंडाशी आला." भाऊजींनी ताट खाली ठेवलं. त्यांचे हात ओले होते, ते त्यांना कुठे ठेवावेत कळेना. "पण वहिनी, तुम्ही पुसायचात ना, तेव्हा वाकून तिच्याशी बोलायचात. मला वाटायचं, आई आपल्या पोरीचं तोंड पुसतेय. शाळेला निघताना पुसतात तसं. तिला मी कोणत्या तोंडानं थांब म्हणू?"

बाईंनी पदर तोंडाला लावला. रडल्या नाहीत. रडणं बरं असतं, त्याला शेवट असतो. त्या नुसत्या आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत राहिल्या, जणू ती दुसऱ्या कोणाची होती आणि कोणीतरी त्यांच्याकडे सांभाळायला दिली होती.

त्यानंतर कितीतरी दिवस त्या चर्चकडे फिरकल्या नाहीत. शाळेचा निरोप आला, तर बरं नाही म्हणून कळवलं. शेवटी काचवालीच घरी आली. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली, पाणी प्यायली आणि म्हणाली,

"बाई, पुसलेल्या काचेवर मी काही काढणार नाही. तिच्यावर अजून त्यांच्या हातचे चार केस आणि कान आहेत, ते तसेच ठेवायचे. पण तिच्या मागे एक पातळ, बिनरंगाची काच बसवता येते. त्याच आकाराची. तिच्यावर चेहरा काढला की तो पुढच्या काचेतून दिसतो. आमच्या कामात करतात असं. पण मला तिचा चेहरा माहीत नाही."

"मलाही फोटोत सापडत नाही."

"तुम्ही सांगा. मी काढते."

दुसऱ्या दिवशी बाई तिच्या कारखान्यात गेल्या. भाऊजी बरोबर होते. त्यांना बोलावलं नव्हतं, पण ते काठी घेऊन फाटकाशी उभे होते, आणि बाई त्यांना नको म्हणाल्या नाहीत.

काचवालीनं काढायला सुरुवात केली. बाई सांगत गेल्या. कपाळ रुंद. भुवया एकमेकींपासून लांब. नाक असं, टोकाशी थोडं वर. काचवाली काढी, दाखवी, बाई मान हलवत, आणि ती बोटाला फडकं गुंडाळून ते पुसून टाकी. एका फटक्यात. कपाळ होतं, आणि नव्हतं. दर वेळी बाई डोळे मिटून घेत. इतकं सोपं होतं ते.

दुपार कलली तरी चेहरा जमेना.

"काय चुकतंय ते सांगा ना, बाई."

"काही चुकत नाही गं." बाईंचा आवाज खाली गेला. "मी तुला काच सांगतेय. इतकी वर्षं काचेकडेच बघत आले. तिच्याआधीची, खरी, ती मला दिसतच नाही. आई म्हणवते, आणि पोटच्या पोरीचं नाक आठवत नाही."

काचवालीनं ब्रश खाली ठेवला. भिंतीला टेकवलेल्या, कोणा दुसऱ्या गावच्या खिडकीतल्या संतांनी नजर वर लावलेली होती.

"तोंड मिटलेलं का काढताय?" भाऊजी एकदम म्हणाले.

"म्हणजे?"

"ती तोंड मिटून कधी होती? झोपेतसुद्धा बडबडायची. दादानं काचेवर मिटलेलं काढलं होतं, मी तेव्हाच म्हटलं होतं त्याला, ही कोणाची गरीब गाय काढलीस? आपली ती टकळी कुठाय?"

बाईंच्या तोंडून हसू फुटलं. कुठून आलं त्यांना कळलं नाही. "एकदा मला म्हणाली, आई, तू शाळेत बोलून बोलून दमतेस, घरी मी बोलते, तू बस." त्या बोलल्या, आणि बोलता बोलता थांबल्या. "वरचा एक दात पडला होता. जीभ घालायची त्या फटीत. नको म्हटलं की जास्तच. आणि ऐकत नसली की डावा डोळा बारीक करायची."

काचवाली वाकून भराभर काढत होती. तिनं काच उजेडात धरली. हुबेहूब नव्हती. नाक बहुधा अजून चुकलेलंच होतं. पण मागच्या रांगेतून कोणीतरी मान वळवून, फटीत जीभ घालून, सांगितलेलं न ऐकण्याच्या तयारीत उभं होतं.

बाई फार वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता पुसू नकोस."

भट्टी मागच्या खोलीत होती. काच चिकटू नये म्हणून काचवालीनं ट्रेवर पांढरी पूड पसरली, तुकडा तिच्यावर ठेवला आणि ट्रे उचलायला हात घातला.

"थांब," बाई म्हणाल्या. "मी ठेवते."

"वहिनी, राहू द्या," भाऊजी म्हणाले. "जे त्याला जमलं नाही ते..."

"त्यांना जमलं नाही म्हणून तर माझ्या हातून पुसली गेली. मला जमायलाच हवं."

त्यांनी ट्रे दोन्ही हातांनी उचलला. तो जड नव्हता. भट्टीच्या दाराशी आल्यावर मात्र त्यांचे पाय थांबले, आणि त्या क्षणी यजमान त्यांना समजले, इतक्या वर्षांच्या संसारात समजले नव्हते तितके. रुमाल काढावा, गुंडाळावं आणि घरी न्यावं. लांबून बघावं. कोणाला बोट लावू देऊ नये. काचवाली शेजारी उभी होती, तिनं घाई केली नाही. भाऊजींनी तोंड फिरवलं होतं.

बाई वाकल्या. ट्रेच्या अगदी जवळ तोंड नेलं, सवयीनं, आणि वाफ लागेल म्हणून श्वास रोखून धरला. जे बोलायचं होतं ते श्वासाशिवाय बोलता आलं नाही. त्यांनी ट्रे आत सरकवला.

काचवालीनं दार लावलं, भट्टीचा विजेचा खटका ओढला. "उद्या सकाळपर्यंत उघडायचं नाही. गरम असताना उघडलं तर काच तडकते. आता जा घरी, बाई. दमलात."

"तडा गेला तर?"

"परत काढू."

"परत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी टेबलाजवळचं स्टूल ओढलं आणि भट्टीसमोर बसल्या.

"वहिनी, चला," भाऊजी म्हणाले. "इथे बसून काय करणार आहात?"

"काही नाही. तिच्या तापात तरी काय करता येत होतं? बसलेच होते ना."

भाऊजी थोडा वेळ काठीवर रेलून तसेच उभे राहिले. मग त्यांनी कोपऱ्यातलं लाकडी खोकं पायानं पुढे सरकवलं आणि दुसऱ्या बाजूला तेही बसले.